विश्वकिरणांचा मागोवा : डॉ. होमी भाभा

डॉ. होमी भाभा हे नाव निघाले की सुशिक्षित कुटुंबांतील मंडळींच्या डोळ्यांपुढे ट्रॉम्बेचा घुमट उभा राहतो. अणुशक्ती मंडळाचे पहिले अध्यक्ष, पंडित नेहरूंचे विश्वासू सल्लागार, मोठमोठ्या संस्था उभारणारे कर्तबगार प्रशासक, अशी त्यांची मूर्ती लोकांच्या मनात ठसली आहे. परंतु परदेशातील एखाद्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या वरच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यास विचारावे, तर भाभा हे नाव त्यास एका सूत्राच्या मथळ्यावरून ठाऊक असते. ट्रॉम्बे कोठे आहे हे त्यास सांगता येईलच असे नाही. ते सूत्र मांडिले तेव्हा भाभा पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचे उत्तम शास्त्रीय कार्य पाहू गेल्यास ते १९३३ पासून पुढच्या बारा-तेरा वर्षांत सामावलेले आढळते. नंतरची वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या संशोधनाची सोय लावण्यात वेचिली. असे का व्हावे, आणि त्यात देशास काय मिळाले व शास्त्रास काय मुकावे लागले, हा त्यांच्या चरित्रातील खरा विचार करण्याजोगा भाग होय.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी घराण्यात झाला. आजोबा म्हैसूर संस्थानातील शिक्षणखात्याचे प्रमुख. वडील ऑक्सफर्डला शिकलेले कायदेपंडित. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरी ग्रंथसंग्रह मोठा, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्याही पुष्कळ. मुलास चित्रकलेचे अंग होते व ते शेवटपर्यंत टिकले. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या क्रमाने मुंबईतले शिक्षण आटोपून ते १९२७ साली केंब्रिजला गेले. घरच्यांचा बेत सरळ होता : मुलाने यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या लोखंडाच्या कारखान्यात रुजू व्हावे.

मुलाचे मन मात्र लौकरच दुसरीकडे वळले. १९२८ साली त्यांनी वडिलांस जे पत्र लिहिले ते पुढे प्रसिद्ध झाले आहे. व्यापार किंवा कारखानदारी आपल्या प्रकृतीस मानवणारी नाही, पदार्थविज्ञान हाच आपला मार्ग, असा त्याचा आशय आहे. शास्त्र ही थोर वस्तू आहे एवढ्यावरून बेथोव्हेनला तू शास्त्रज्ञ हो असे सांगून काय उपयोग, असा प्रतिप्रश्नही त्यात आहे. अठरा वर्षांच्या मुलाचे हे धाष्टर्य त्या काळच्या कित्येक घरांत खपले नसते. जहांगीरजींनी शहाणपणाने तोड काढिली : आधी यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळवावा, मग गणिताच्या अभ्यासाचा खर्च देऊ. १९३० मध्ये तो वर्ग मिळाला. १९३२ मध्ये गणितातही मिळाला. यंत्रशास्त्राचे ते शिक्षण वाया गेले असे मात्र समजू नये. पुढे इमारतींचे नकाशे व अणुभट्ट्यांची यंत्रसामग्री स्वतःच्या नजरेने तपासणारा गणिती निपजला, तो त्या शिक्षणामुळेच.

१९३२ हे साल आणि केंब्रिज हे स्थळ, असा योग पदार्थविज्ञानाच्या इतिहासात क्वचितच जुळून आला असेल. त्याच वर्षी तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी कृत्रिम रीतीने वेग दिलेल्या कणांचा मारा करून लिथियमच्या अणूचे केंद्र फोडिले. त्याच वर्षी अमेरिकेत अँडरसन यांस पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युद्भार असलेला इलेक्ट्रॉन, आढळून आला. असा कण असावा असे गणिताने आधीच दाखविणारे डिरॅक हे केंब्रिजलाच शिकवीत, आणि भाभा त्यांच्या वर्गात बसत. पुढील दोन-तीन वर्षांत त्यांनी झुरिचला पाउली, रोमला फर्मी व कोपनहेगनला बोर यांच्याजवळही काम केले.

भाभा यांनी आपला विषय म्हणून विश्वकिरण निवडिले. हे किरण म्हणजे काय, हे थोडे थांबून समजून घेतल्यावाचून पुढची गोष्ट उलगडणार नाही. व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१२ साली विमानातून नव्हे, साध्या फुग्यातून आकाशात चढून असे दाखविले की हवेचे विद्युतीकरण करणारा एक किरणोत्सर्ग उंचावर वाढत जातो. अर्थात तो पृथ्वीतून निघत नसून बाहेरून येतो. हे किरण स्थळकाळ पाहत नाहीत. छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जाताना करमाड गाव लागते. तेथील एखाद्या शेतकऱ्याने मोकळ्या रानात तळहात पसरला, तर त्यातून मिनिटास शंभराच्या आसपास असे कण आरपार निघून जातील. त्यास त्याची जाणीवही होणार नाही. त्याच्या पायाखालच्या काळ्या मातीत, मातीखालच्या खडकातही ते शिरतील. तारे-ग्रह यांच्या मधल्या पोकळीतून आलेल्या मूळ कणाने वातावरणाच्या माथ्यावर हवेच्या अणुकेंद्रास धडक दिली म्हणजे हे कण उत्पन्न होतात. कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रे त्या काळी नव्हती. ज्यास जबर ऊर्जेच्या कणांचा अभ्यास करावयाचा त्यास या आकाशातून पडणाऱ्या दानावरच विसंबावे लागे.

१९३३ साली भाभा यांचा पहिला निबंध जर्मन भाषेत निघाला, तो या किरणांच्या शोषणाविषयीच. त्यानंतर १९३५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध सूत्र बांधले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन समोरासमोर येऊन एकमेकांस चुकवून गेले तर ते किती कोनातून वळतील, हा प्रश्न. दोन गाड्या एकमेकींस घासून जाव्या तसे दोघे निघून जातात, एवढेच धरून हिशेब केला तर तो अपुरा पडतो, हे भाभा यांनी दाखविले. कारण इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांस नाहीसे करून क्षणमात्र केवळ ऊर्जारूप होऊ शकतात व त्या ऊर्जेतून पुनश्च तशीच जोडी जन्मास येते. बाहेर पडलेली जोडी मूळचीच की नवी, हे कोणास ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही शक्यता एकत्र धरूनच गणित मांडावे लागते. हा निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९३६ साली छापला गेला, आणि या क्रियेस जगभर ‘भाभा विकिरण’ हेच नाव पडले.

त्याहूनही सामान्य वाचकास रुचेल असे काम १९३७ चे आहे. विश्वकिरणांच्या मार्गात शिशाचा पत्रा ठेविला तर कधी कधी त्यातून एकाएकी कणांचा वर्षाव बाहेर पडे. एक कण आत गेला आणि बाहेर पडले वीस-पंचवीस! हे कोठून आले? शिशाचा अणू फुटून आले असावेत, असा तर्क करणारेही होते. भाभा यांनी नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडात आलेल्या हाइटलर यांच्यासह याचा उलगडा केला. (त्याच सुमारास अमेरिकेत कार्लसन व ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढिला, हे येथे नमूद करणे न्याय्य होय.) वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना अडखळतो व आपल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा प्रकाशकणाच्या रूपाने टाकतो. तो प्रकाशकण पुढे दुसऱ्या अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण करितो. ती दोघे पुन्हा प्रकाशकण टाकतात, आणि हे असेच चालते. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ. दहा पिढ्यांत हजाराच्या वर. मग हा वर्षाव थांबतो कसा? आपल्याकडील वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्यांचे उदाहरण येथे चपखल बसते. आजोबांचे शंभर एकरांचे रान मुला-नातवंडांत वाटत वाटत शेवटी इतके तुकडे होतात की एका तुकड्यात औत फिरविणेही परवडत नाही. तद्वत् प्रत्येक पिढीत ऊर्जेची वाटणी होत जाते, आणि वाट्यास आलेली ऊर्जा नवी जोडी निर्माण करण्यास पुरेनाशी झाली की वंश खुंटतो. किती जाडीच्या शिशात किती कण मिळावे याचा आकडा भाभा-हाइटलर यांच्या गणिताने दिला, आणि तो प्रयोगाशी जुळला.

परंतु गणित जुळले म्हणूनच एक अडचण उघडी पडली. विश्वकिरणांतील काही कण शिशाच्या हातभर जाडीतूनही सहज पार होत; त्यांचा वर्षाव होतच नसे. ते इलेक्ट्रॉन असते तर असे घडणे शक्य नव्हते. आता एक तर सिद्धान्त चूक, नाही तर हे कण इलेक्ट्रॉनहून जड अशा कोणा निराळ्या जातीचे. भाभा यांनी दुसरा पक्ष धरिला. अँडरसन व नेडरमायर यांच्या प्रयोगांनीही तोच कौल दिला. इलेक्ट्रॉनहून सुमारे दोनशेपट जड असा कण खरोखर असतो, असे निश्चित झाले.

या कणाने भाभा यांस एका मोठ्या कल्पनेपर्यंत नेले. जपानातील युकावा यांनी १९३५ साली असे मांडले होते की अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांना एकत्र बांधून ठेवणारे बळ अशाच मध्यम वजनाच्या कणाच्या देवघेवीतून येते. हा कण फार काळ जगू नये, आपोआप विघटित व्हावा, असेही त्या सिद्धान्तातून निघे. भाभा यांनी १९३८ मध्ये यास सापेक्षतावादाची जोड दिली. आइन्स्टाइन यांच्या म्हणण्याप्रमाणे अतिवेगाने जाणाऱ्या वस्तूचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते. म्हणून वेगाने येणारा हा कण स्थिर कणापेक्षा अधिक काळ जगला पाहिजे, आणि हे मोजून पाहता आले तर कालमानाच्या त्या सिद्धान्ताचा प्रत्यक्ष पडताळा मिळेल. आज ठाऊक असलेले आकडे घेऊन पाहावे : या कणाचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या २.२ पट इतके अल्प. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्या वेळात तो सातशे मीटरही जाणार नाही. आणि उत्पन्न होतो तो दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर! तरीही तो करमाडच्या रानात पोहोचतो, कारण त्याचे घड्याळ आपल्या घड्याळाहून सावकाश चालते. भागवतातील रेवतीची कथा येथे कोणास आठवेल. पित्यासह ब्रह्मलोकी जाऊन ती क्षणभर थांबली, आणि परत येईतो पृथ्वीवर युगे लोटली होती. पुराणकारांस सापेक्षतावाद ठाऊक होता असे म्हणण्याचे यात काहीच कारण नाही. पुराणात कल्पना आहे, येथे मोजमाप आहे. ते मोजमाप १९४१ मध्ये रॉसी व हॉल यांनी डोंगरावर व पायथ्याशी या कणांची गणती करून मिळविले, आणि भाभा यांचे अनुमान खरे ठरले.

या कणास प्रथम ‘मेसॉट्रॉन’ म्हणत. भाभा यांनी १९३९ साली ‘मेसॉन’ हे आटोपशीर नाव पुढे केले. कारण ‘ट्र’ हा अवयव इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन यांच्या मूळ शब्दांतला आहे, आणि मध्यम या अर्थाच्या ग्रीक ‘मेसोस’मध्ये त्यास जागा नाही. तो ‘मेसोस’ आपल्या ‘मध्य’ शब्दाचाच भाऊबंद आहे. आकाशातील हाच कण युकावांचा कण, असे मात्र त्या वेळी भाभांसह सर्वांनी धरिले होते, आणि तेथे सर्वांचीच फसगत झाली. १९४७ साली पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की युकावांचा कण निराळा, त्यास पायॉन म्हणतात. जमिनीवर येतो तो म्यूऑन, पायॉनचे अपत्य.

१९३९ च्या उन्हाळ्यात भाभा सुटीवर मुंबईस आले, आणि सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. तेथे भाभा रुजू झाले व सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने विश्वकिरणांचा एक छोटा विभाग उभा राहिला. बंगलोर पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. मंद कणांना पृथ्वीचे चुंबकत्व तेथे परत फिरविते, त्यामुळे खाली पोहोचणारे कण निवडक असतात, हा त्या जागेचा मोठा लाभ. युद्धामुळे सामानाची टंचाई होती. तथापि १९४४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या विमानातून गायगर-मापके तीस हजार फुटांपर्यंत नेऊन त्यांनी मेसॉनांची गणना करविली. १९४१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी नागपूरच्या विज्ञान अकादमीच्या सभेत रामन यांनी त्यांची तुलना लिओनार्दो दा विंचीशी केली. स्तुती करण्यात रामन फारसे उदार नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. हरीशचंद्र हे पुढे जगद्विख्यात गणिती झालेले तरुण याच काळात त्यांच्या हाताखाली काम करीत होते.

आरंभी भाभा यांचा विचार युद्ध संपताच केंब्रिज किंवा अमेरिका गाठण्याचा होता. बंगलोरच्या चार-पाच वर्षांत तो पालटला. योग्य साधने मिळत असतील तर आपल्याच देशात राहून काम उभारणे हे कर्तव्य होय, असे त्यांचे मत बनले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांस लिहिलेल्या पत्रात मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना मांडिली. काही दशकांनी अणुशक्तीतून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा हिंदुस्थानास तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यातील एक मुद्दा. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा सतरा महिने अवकाश होता, हे ध्यानी घ्यावे.

संस्था १ जून १९४५ रोजी बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईस आली. पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ हा त्यांच्या मावशीचा बंगला, त्याचा अर्धा भाग संस्थेस मिळाला. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक सुमारे ८०,००० रुपयांचे. आधी पद निर्माण करावे व मग त्यावर माणूस नेमावा ही सरकारी रीत भाभा यांस मान्य नव्हती. योग्य माणूस आढळला की त्याच्याभोवती काम उभारावे, असा त्यांचा शिरस्ता. गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी गणितासाठी आले. बिभा चौधुरी विश्वकिरणांसाठी आल्या. १९४९ साली संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली, व १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकाशी समुद्राकाठी तिची स्वतःची वास्तू पुरी झाली. तेथील वृक्ष कोठे असावे व भिंतीवर कोणते चित्र यावे, हेही भाभा स्वतः ठरवीत.

पुढचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुशक्ती मंडळ स्थापन झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली, ती २००९ पर्यंत कामात होती. युरेनियम थोडे व थोरियम विपुल असलेल्या देशाने तीन टप्प्यांनी थोरियमकडे कसे जावे याची आखणी भाभा यांची. तिचा शेवटचा टप्पा अद्यापि दूर आहे. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष या नात्याने वीस वर्षांत अणुसंमीलनाची शक्ती माणसाच्या ताब्यात येईल असे भाकीत त्यांनी केले. तेही फळले नाही. अणुविजेचा वाटा आजही देशाच्या एकूण विजेत शेकडा तीनच्या आसपासच आहे. चीनने बाँबची चाचणी केल्यावर २४ ऑक्टोबर १९६४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना दहा किलोटन स्फोटाचा खर्च त्यांनी सुमारे साडेसतरा लाख रुपये सांगितला. तो आकडा अमेरिकन निबंधातला होता. त्यामागील भट्ट्या व कारखान्यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता, आणि टीकाकारांनी त्यावर नेमके बोट ठेविले.

विरोध इतरही होता. मेघनाद साहा यांचे म्हणणे, आधी विद्यापीठे व उद्योग भक्कम करावे, मग अणुशक्ती. संशोधन विद्यापीठांबाहेर गेल्याने विद्यापीठे दुबळी झाली, हा आक्षेप पुढेही निघत राहिला आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. कोसंबी तर सौरशक्तीचे पुरस्कर्ते, व भाभांच्याच छत्राखाली बसून ते अणुशक्तीवर टीका करीत. १९६२ मध्ये त्यांची संस्थेतील नेमणूक पुढे चालविली गेली नाही. माणसाभोवती काम उभारणाऱ्या संस्थेस हे प्रकरण शोभले असे म्हणवत नाही.

१९५० च्या सुमारापासून भाभा यांचे स्वतःचे निबंध विरळ होत गेले. सकाळी दिल्ली, संध्याकाळी मुंबई, अशा दिनक्रमात गणिताची टिपणवही उघडणार केव्हा? ज्याने पंचविशीत डिरॅक व पाउली यांच्या पंक्तीत पान मांडिले, त्याने चाळिशीनंतर लेखणी खाली ठेवावी, ही शास्त्राची हानी होय, आणि ती लहान नव्हती. पण तो सौदा त्यांनी कोणाच्या दडपणाखाली केला नाही. विश्वकिरणांची आवडही सुटली नाही. स्वतः मापक हाती धरता येईना, तर त्यांनी तरुणांस पाठविले. बी. व्ही. श्रीकांतन यांना त्यांनीच कोलारच्या सोन्याच्या खाणीत मेसॉन मोजण्यास धाडिले. त्याच खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोल, १९६५ साली वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली. जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञ त्या प्रयोगात भागीदार होते.

त्यानंतर काही महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेले भाभा ज्या विमानात होते ते ‘कांचनजंगा’ आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ११७ जणांपैकी कोणी वाचले नाही. या अपघाताविषयी नाना तर्क लढविले जातात. चौकशीचा निष्कर्ष एवढाच की, शिखर मागे पडले अशी वैमानिकाची चुकीची समजूत झाली होती. भाभा छप्पन्न वर्षांचे होते.

माँ ब्लाँ स्वच्छ दिवशी जिनिव्हाहून दिसतो. त्या शहराजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर घेराच्या बोगद्यात १९८९ ते २००० पर्यंत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे झोत समोरासमोर भिडविले जात. झोत एकमेकांवर नेमके किती आदळले, हे समजल्यावाचून बाकीचा कोणताच हिशेब लागत नाही. धान्य मोजावयास आधी पायली ठरलेली लागते, तसेच ते. तेथील शास्त्रज्ञांनी पायली म्हणून अल्प कोनात वळलेल्या जोड्या मोजल्या, व भाभा यांच्या १९३५ च्या गणितात पुढील पिढ्यांनी केलेल्या सूक्ष्म दुरुस्त्या घालून त्यावरून टकरींची संख्या काढिली. हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच आहेत, हा निर्णय त्याच मोजणीतून आला.